मनकर्णाबाईंचं वाढणं

मनकर्णाबाईंना लेकरू दिसलं की त्यांचा उजवा हात आधी त्याच्या सदऱ्याखाली जायचा. बोटं बरगड्यांवरून फिरायची. बरगड्या हाताला लागल्या की त्या लेकराच्या आईची खैर नसायची. मग ती आई पाटलाची सून असो की कापूस वेचायला निघालेली मजूर बाई, मनकर्णाबाई तिला भर रस्त्यात थांबवून विचारायच्या, "सकाळी काय वाढलं होतं याले?"

पिंपळगाव राजाच्या एका अंगणवाडीत त्या चाळीसेक वर्षं सेविका होत्या. मी त्यांची मुख्यसेविका. म्हणजे वयाने पाच वर्षांनी लहान आणि हुद्द्याने मोठी. खामगावहून महिन्यातून एकदा एसटीने जायचं, वजनांची वही तपासायची, चहा प्यायचा, दोन चुका काढायच्या आणि परत यायचं, हे माझं काम. मनकर्णाबाईंच्या वहीत चुका सापडत नसत. त्याचा मला सुरुवातीला रागच यायचा.

मुलांची वाढ दाखवायचा एक तक्ता असतो. मूल वयाने पुढे सरकतं तसा वजनाचा ठिपका वर चढायला हवा. हिरव्या पट्ट्यात ठिपका असला म्हणजे ठीक, खाली घसरला की धोका. हे नव्या आयांना समजावून सांगायला आमच्या खात्याने चाळीस पानांची पुस्तिका काढली होती. मनकर्णाबाई ते चार शब्दांत सांगायच्या. "माय, वाढशीन तं वाढीन." ताटात वाढशील तर अंगाने वाढेल. आया हसायच्या, पण घरी जाऊन वाढायच्या. पुस्तिकेने हसवलंही नाही आणि कोणी वाढलंही नाही.

हे त्या कुठून शिकल्या, ते मला चौऱ्याण्णव साली कळलं. एसटी दीड तास आली नव्हती आणि आम्ही दोघी फाट्यावर कडुनिंबाखाली बसलो होतो. मी सहज विचारलं, "तुम्हाला भागवत एकटाच का?" त्या चपलेने माती उकरू लागल्या. मग म्हणाल्या, "भागवतच्या आधी सारिका होती."

सारिका चौदा महिन्यांची असताना तिला गोवर आला. गोवरात लेकराला तेल-तूप नाही, डाळ नाही, अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, असं घरात ठरलेलं होतं. सासूने सांगितलं, एकोणीस वर्षांच्या सुनेने ऐकलं. गोवर गेला, पण पोर उठली नाही. शेवटी सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा काट्यावर साडेचार किलो भरली. डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, हिला खायला का नाही दिलं?"

"म्या खाली पाह्यलं, म्याडम," मनकर्णाबाई म्हणाल्या. "काय सांगू? घरात ज्वारीचं पोतं भरलेलं होतं."

सारिका तिसऱ्या दिवशी गेली. पाच वर्षांनी गावात अंगणवाडी आली आणि मनकर्णाबाईंनी अर्ज केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तेवढ्यात एसटी आली आणि आम्हाला पळावं लागलं.

त्या काळी गावातल्या बायका लेकरांचं वजन करू द्यायच्या नाहीत. झोळीच्या काट्याला लेकरू टांगलं की नजर लागते, अशी सगळ्यांची खात्री होती. मनकर्णाबाईंनी काय करावं? मारुतीच्या पारावर, चारचौघांसमोर, आपल्या भागवतला त्या झोळीत घालून टांगला आणि वजन मोठ्याने ओरडून सांगितलं. "नऊ किलो दोनशे! लावा नजर कोणाले लावाची ते!" एकुलतं एक वाचलेलं पोर होतं ते. पुढच्या महिन्यात काट्यापुढे रांग लागली. हा किस्सा मी बैठकांमधून इतक्या वेळा सांगितला की माझ्या नावावर टाळ्या मिळू लागल्या.

भागवत मोठा झाला, एसटीत कंडक्टर झाला. लग्न झालं, पूनम सून म्हणून आली, आणि दोन हजार अकरा साली प्रेरणा झाली. नात झाली त्या दिवशी मनकर्णाबाईंनी मला फोन करून पहिलं वाक्य सांगितलं ते वजनाचं. "तीन किलो चारशे, म्याडम!"

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

पुढच्या वर्षी आम्ही सुदृढ बालक स्पर्धा घेतली. परीक्षक मी. सतरा लेकरं आली होती. त्यात अकरा महिन्यांची प्रेरणा, साडेबारा किलो. मनगटाला दोन दोन वळ्या, गाल असे की डोळे शोधावे लागत. कपाळाला, गालाला आणि तळपायालाही काजळाची तीट. तिला मांडीवर घेताना मला कंबरेत कळ आली आणि मी तिला पहिला नंबर दिला. मला शिकवलंच तसं होतं. खाली घसरलेल्या ठिपक्यांची मोजणी आम्ही वर्षानुवर्षं केली, मध्यम, तीव्र, सगळे रकाने तोंडपाठ. हिरव्या पट्ट्याच्या वर निघून गेलेल्या लेकरासाठी आमच्या अहवालात रकानाच नव्हता. वर म्हणजे चांगलंच, एवढीच अक्कल. मनकर्णाबाईंनी तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावला. फोटोत मी हसते आहे.

प्रेरणा पाच वर्षांची होऊन अंगणवाडीतून बाहेर पडली. भागवतने तिला खामगावच्या इंग्रजी शाळेत घातलं. सकाळी सातला व्हॅन दारात, दुपारी दारातच सोडायची. गावातली मुलं शाळेत चालत जायची, वाटेत चार झाडांवर चढायची. ही दारातून आत यायची आणि आजी ताट घेऊन बसलेली असायची. तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी, वर दुधाचा पेला. मग टीव्ही. मग शिकवणी. शिकवणीला जाताना भूक लागेल म्हणून बिस्किटांचा पुडा, येताना दुकानातून चिप्सचा. खेळायला वेळ कुठे होता? आणि पोरीच्या जातीला बाहेर कशाला पाठवायचं, हे घरातल्या तिघांनाही वाटायचं. उपाशी कोणी ठेवलं नाही आणि वाईट कोणी चिंतलं नाही. एवढं लाडाचं पोर मी दुसरं पाहिलेलं नाही.

आठव्या वर्षी पूनमला शंका आली. पोर जिना चढताना धापा टाकायची, पायाला पाय घासून मांड्या सोलायच्या. पूनम सासूला म्हणाली, "आत्याबाई, एकदा हिचं वजन करून पाहू का? काटा तं तुमच्याचजवळ हाय."

मनकर्णाबाई उसळल्या. "काही गरज नाही. बाळसं हाय ते, जाते आपोआप. अन् मह्या नातीले काट्यावर नको चढवू. नजर लागते."

हे मला पूनमने फार नंतर सांगितलं, आणि ऐकताना मी हातातली बशी खाली ठेवली. ज्या बाईने पोटचा पोर पारावर टांगला होता, तिने हे म्हणावं! पण मला तिचा राग आला नाही. सारिकाच्या बरगड्या तिच्या बोटांना अजून लागत होत्या. प्रेरणाच्या अंगावर हात फिरवला की एकही बरगडी लागत नाही, हेच तिचं सुख होतं. ते ती काट्याला कसं दाखवणार?

दहाव्या वर्षी प्रेरणाची मान काळी पडू लागली. मागच्या बाजूला, कानाखालून पाठीपर्यंत, मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा. मनकर्णाबाई दर रविवारी तिला न्हाणीत बसवून मान घासायच्या. बेसन, हळद, लिंबाची साल, शेवटी शेवटी अंगघासणीचा दगड. "मळ बसला माय, उन्हाचा." पोर रडायची. मान लाल व्हायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी. एका लग्नात मी स्वतः ती मान पाहिली आणि सल्ला दिला, "दूध-साय लावा, निघेल." आयुष्यभर लेकरांच्या तब्येतीवर पगार घेतलेली मी, आणि माझी ही हुशारी. प्रेरणा तेव्हापासून मे महिन्यातही गळ्याभोवती ओढणी गुंडाळून फिरू लागली.

सातवीत शाळेत आरोग्य तपासणी झाली. तपासणारा वजन मोठ्याने सांगत होता आणि दुसरा लिहून घेत होता. "एकाहत्तर!" असं त्याने सांगितलं आणि वर्ग हसला. त्याने चिडवायला सांगितलं नव्हतं, लिहिणाऱ्याला नीट ऐकू जावं म्हणून सांगितलं होतं. झोळीच्या काट्यापुढे आम्हीही तसंच ओरडायचो. त्या दिवसापासून शाळेत प्रेरणाला तिच्या नावाने कोणी हाक मारली नाही. "एकाहत्तर आली बे, सरका!" असं म्हणायचे. तिने घरी येऊन बैठकीतला सुदृढ बालकाचा फोटो काढला, भिंतीकडे तोंड करून खाली ठेवला आणि दप्तरासकट झोपून गेली.

मग तिला वारंवार तहान लागू लागली. रात्रीतून चार वेळा उठायची. भागवत तिला खामगावला एका डॉक्टर बाईंकडे घेऊन गेला, मनकर्णाबाई सोबत. डॉक्टर बाईंनी आधी पोरीची ओढणी हळूच बाजूला केली, मान पाहिली आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. घासू नका हो हिला." मग रक्त तपासलं. तेराव्या वर्षी पोरीला साखरेचा आजार झाला होता, म्हाताऱ्यांना होतो तो. मान काळी पडणं ही शरीराने तीन वर्षांपूर्वीच दिलेली सूचना होती.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या. कोणाला बोल लावला नाही. आजोबांना साखर होती का, झोप किती, खेळणं किती, सगळं विचारलं. एका पदार्थाने हे झालेलं नाही, म्हणाल्या, रोजच्या सवयीने आणि थोडं रक्तातूनही आलं आहे. गोळ्या घ्यायच्या, रोज तासभर घामाघूम होईपर्यंत खेळायचं, गोड पेय आणि पुडे घरात आणायचे नाहीत. पोरीला उपाशी ठेवायचं नाही आणि वेगळं ताट करायचं नाही. सगळ्या घराने तेच जेवायचं. महिन्यातून एकदा वजन. आणि मग त्यांनी वहीत लिहिता लिहिता साधा प्रश्न विचारला, "आजी, हिला खायला काय काय देत होता?"

त्या संध्याकाळी मनकर्णाबाईंचा मला फोन आला. त्या रडत नव्हत्या, म्हणून मला भीती वाटली.

"एका डॉक्टरनं पुसलं, खाले काऊन नाही देलं. दुसरीनं पुसलं, काय काय देलं. म्याडम, म्या दोन्ही वेळा खाली पाह्यलं."

मी म्हणाले, "तुमची एकटीची चूक नाही. पहिला नंबर मीच दिला होता." त्या म्हणाल्या, "तुम्ही नंबर देला. घास म्या देला."

पुढचे दोन महिने वाईट गेले. डॉक्टर बाईंनी उपाशी ठेवू नका म्हणून बजावलं होतं, पण मनकर्णाबाईंच्या डोक्यात घाबरेपणाशिवाय काही शिरत नव्हतं. साखरेचा डबा कुलपात गेला. पोळी मोजून, भाकर अर्धी, मागितलं की "नाही". ज्या आजीच्या तोंडून जन्मात 'नाही' ऐकलं नव्हतं, तिचं ते 'नाही' पोरीला मारासारखं लागत होतं. प्रेरणा एक दिवस म्हणाली, "मी तुले आवडत नाही काय आता?" न्हाणीतल्या पाण्याच्या ड्रमामागे पूनमला चिप्सचे रिकामे पुडे सापडले, अकरा. पोर आत कडी लावून खात होती, आणि आवाज येऊ नये म्हणून नळ चालू ठेवत होती.

ते पुडे पाहून मनकर्णाबाईंनी हातातला वाढायचा डाव खाली ठेवला. "मी आता वाढणार नाही. वाढलं तरी चुकते, नाही वाढलं तरी चुकते. पूनम, तुह्या लेकीले तू वाढ." तेव्हापासून जेवणाच्या वेळी त्या हात पदराखाली घेऊन भिंतीशी बसायच्या. सगळ्यांचं झालं की मग स्वयंपाकघरात एकट्या जेवायच्या. तशा त्या नेहमीच सर्वांत शेवटी जेवत आल्या होत्या, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

घरात वजनाचा काटा आला होता, पण प्रेरणा त्यावर चढायला तयार नव्हती. पहिला महिना गेला, दुसरा गेला. डॉक्टर बाई म्हणाल्या, वजन कळल्याशिवाय मी गोळीचं प्रमाण कसं ठरवू? भागवत चिडला, पूनमने समजूत घातली, पोर ओढणी तोंडावर घेऊन बसून राहिली. तेव्हा मनकर्णाबाईंनी मला बोलावलं. "तुम्ही या, म्याडम. हजार लेकरं काट्यावर घातली असतीन आपण दोघींनी. मह्या घरची एक चढून नाही राह्यली."

मी गेले. मार्गशीर्षातली सकाळ होती, अंगणात ऊन आलं होतं, तिथेच फरशीवर काटा ठेवलेला. मनकर्णाबाईंना वर्षभराने पाहत होते. लुगड्याला आता जास्तच घड्या पडत होत्या. वय झालं, असं मनात म्हणून मी विषय संपवला. माझी नजर नेहमीप्रमाणे पोरीवर होती.

प्रेरणाला मी म्हणाले, "बाळा, मी आकडा वाचणार नाही. फक्त तू वाच. कागदावर लिही, घडी घाल, डॉक्टरांना दे."

तिने काटा पायाने आजीकडे सरकवला. मग म्हणाली, "आधी आजीनं चढाचं."

"म्हातारीचं वजन काय कराचं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच चढा होता.

"तू चढ, मंग मी चढते."

"मह्यं काय काम हाय त्याच्यात? नको म्हणते ना!"

"काऊन? नजर लागते काय तुले?" पोरीच्या आवाजात चिडवणं होतं, आणि खूप दिवसांनी मी तिला चिडवताना ऐकत होते.

मनकर्णाबाई नाइलाजाने उठल्या. भिंतीला हात टेकवून चढल्या. आकडा थरथरला आणि थांबला. छत्तीस किलो. मी त्यांना बावन्न किलोच्या ओळखत होते. पूनमने हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं.

"आत्याबाई, तुम्ही जेवता ना?"

त्या पदर सावरत काट्यावरच उभ्या राहिल्या. उतरायलाही विसरल्या. प्रेरणा उठली, आजीजवळ आली, आणि तिने तेच केलं जे गावातल्या प्रत्येक लेकराला माहीत आहे. आजीच्या पदराखाली हात घातला आणि बोटं बरगड्यांवरून फिरवली. एक, दोन, तीन. सहावर ती थांबली.

"आजी, हाताले लागून राह्यल्या."

"लागू दे."

"सकाळी काय वाढलं होतं तू तुले?"

मनकर्णाबाईंचा बांध फुटला. "तुह्या ताटातून जितकं काढलं, तितकं मह्या ताटातून काढलं माय. दुसरं काय करू? मले दुसरं काही येत नाही." आणि त्या तिथेच काट्यावर बसल्या. मी त्यांना उठवायला गेले नाही. मलाही बसावंसं वाटत होतं.

प्रेरणाने त्यांना हाताला धरून उतरवलं. मग काही न बोलता स्वतः काट्यावर चढली, खाली पाहिलं, उतरली. कागद मागितला नाही. मोठ्याने म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर." अंगणात कोणी हसलं नाही. ती आजीकडे वळली. "तू मले वाढत नाही, अन् तुले पण वाढत नाही. मंग या घरात कोणी कोणाले वाढाचं?"

पूनमने दुपारची ताटं लवकर घेतली. मनकर्णाबाईंना सगळ्यांच्या पंगतीत, नातीच्या शेजारी बसवलं. प्रेरणाने आजीला अख्खी भाकर वाढली, वरण वाढलं, तिचा हात धरून पहिला घास तोंडाशी नेला. स्वतःच्या ताटात भाकर, भाजी आणि काकडीच्या चकत्या घेतल्या, आणि हळूहळू जेवली.

अजून सगळं व्हायचं आहे. गोळ्या चालू आहेत, शाळेत हाक तीच आहे, मान तशीच आहे. संध्याकाळी पोर पूनमसोबत शाळेच्या मैदानावर पळायला जाते, ओढणी घालूनच. मी घरी येऊन तो स्पर्धेचा फोटो, माझ्याकडची प्रत, शोधला. फाडावासा वाटला होता. फाडला नाही, त्यात छोटी प्रेरणा मनकर्णाबाईंकडे आणि माझ्याकडे पाहून हसते आहे.

पण मला आठवतं ते त्या दिवशीचं जेवण. प्रेरणाचं ताट रिकामं होत आलं तसं मनकर्णाबाईंचा हात आपसूक भाकरीच्या टोपलीकडे गेला. "घे ना माय, अजून..." एवढं तोंडातून निघालं, आणि त्यांनी हात मागे घेतला. जेवण संपेपर्यंत असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी प्रेरणाने तो हात आपल्या हातात धरून मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने जेवत राहिली.